एका बाजूचे गलबत

हर्षद नागवेकर याच्या हातून आजवर एकही वस्तू पुरी झाली नव्हती. याचे त्याला स्वतःला फारसे दुःख नव्हते. दुःख इतरांना होते, आणि ते इतर लोक त्याच्या घरी आणून पोचवीत असत. दिवसभर पतसंस्थेत लोकांच्या सह्या ताडून पाहून थकलेला हा तरुण संध्याकाळी नाचणे रस्त्यावरच्या आपल्या घरी येई, गॅलरीतल्या टेबलाशी बसे आणि हातांना काहीतरी नवे शिकवू लागे. कागदाच्या घड्या झाल्या, दोऱ्यांच्या गाठी झाल्या, लोकर झाली, मेण झाले, साबण झाला. बांबूच्या कांबी आणून टोपली विणण्याचा प्रयोग झाला. त्यात टोपलीपेक्षा बोटांच्या पट्ट्याच अधिक बांधल्या गेल्या. जांभ्या दगडावर कोरीवकाम झाले, तेव्हा उडालेल्या तांबड्या धुळीने खालच्या मजल्यावरच्या पांढऱ्या चादरी दोन पावसाळे गेले तरी गुलाबीच राहिल्या.

प्रत्येक कलेत एक क्षण असा येई, की इतका वेळ अडखळणाऱ्या बोटांना एकाएकी वाट सापडे. अंधाऱ्या खोलीत चाचपडताना हाताला दिव्याचे बटण लागावे, तसा तो क्षण. त्या क्षणासाठी हर्षद जगत असे, असे म्हटले तरी चालेल. मात्र तो क्षण येऊन गेला, की उरलेली अर्धी वस्तू त्याला परक्या घरच्या पसाऱ्यासारखी दिसू लागे. त्याच्या हत्तीला उजवा डोळा होता, डावा नव्हता. मोराला पिसारा होता, पाठ नव्हती. हे सारे प्राणी आई शोकेसमध्ये झालेली बाजू काचेकडे आणि न झालेली भिंतीकडे करून मांडी. येणारे-जाणारे कौतुक करीत आणि आई ते कौतुक फारशी चौकशी न करता स्वीकारी.

त्या वस्तूंची पाठ ठाऊक असलेले माणूस घरात एकच होते: धाकटी बहीण ऋतिका. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासायला घेण्याचे काम करी; सुईचा तिला माहीत असलेला उपयोग एवढाच. पण रोज संध्याकाळी ती स्टूल ओढून भावाशेजारी बसे.

"दाखव दादा, आज काय नासवलंस?"

आणि तो जे देईल ते ती आधी उलटे करून पाही. मागचे लोंबणारे दोरे, गोंदाचे ओघळ, सोडून दिलेल्या वाटा. "इथं वैतागलास वाटतं," ती म्हणे, आणि बरोबर तिथेच तो वैतागलेला असे. हर्षदला मित्र फारसे नव्हते. बोलायला त्याला अवघड वाटे. दिवसातून एकदा कुणीतरी आपली मागची बाजू पाहते, एवढ्यावर त्याचे बरे चालले होते.

ऋतिकाचे लग्न ठरले ते दाभोळच्या नितेशशी. मुलगा शिक्षक, घर खाडीच्या तोंडाशी, माणसे चांगली. बैठकीला नितेशच्या आई मालनताई आल्या. दाभोळच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. अंगाने किरकोळ, पण सोफ्यावर बसल्या तेव्हा सोफाच जरा सावरून बसल्यासारखा वाटला.

"आम्हाला मानपान नको, देणंघेणं नको," मालनताई म्हणाल्या. "फक्त रुखवत हातचं हवं. हल्ली भाड्यानं आणतात. आमच्या वाडीत एकीच्या रुखवतातली बैलगाडी पुढच्या लग्नात दुसरीच्या रुखवतात दिसली. डाव्या बैलाचं शिंग मोडलेलं, म्हणून ओळखली मी."

"भाड्याचं?" आईच्या आवाजात दुखावलेले घराणे बोलले. "आमच्याकडं? अहो, हे शोकेसमधलं सगळं आमच्या ऋतूनंच केलंय!"

हर्षद तेव्हा पोह्यांचा ट्रे घेऊन उभा होता. ट्रे हलला नाही. एवढे एक श्रेय त्याला द्यायला हवे. ऋतिकाला ठसका लागला. मालनताईंनी काचेतून हत्ती पाहिला, मोर पाहिला आणि मान डोलावली. "हात आहे हो पोरीला. मंडळात सांगते. सगळ्या बघायला येतील."

पाहुण्यांची गाडी गेल्यावर ऋतिका म्हणाली, "आई, खोटं कशाला बोललीस?"

"मग काय सांगू? मुलगा लोकरीचं विणतो म्हणून?"

आप्पा, म्हणजे हर्षदचे वडील, उभ्या हयातीत मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत वावरलेले. तिथे बोललेले कुणाला ऐकू जात नसे, आणि न बोलण्याची सवय निवृत्तीनंतरही टिकली होती. ते उठून पंख्याचा वेग कमी करून आले. हर्षदने पोह्यांच्या बशा गोळा केल्या. आईच्या वाक्यात चुकीचे काय होते ते त्याला नेमके सांगता आले नसते. पण त्या रात्री जेवताना आपले हात त्याला ताटाशेजारी ठेवलेल्या कुणा दुसऱ्याच्या वस्तूंसारखे वाटले.

रुखवत करायचे, आणि ते हर्षदने करायचे, हे मग न बोलताच ठरले. खोटे उघडे पडले असते, तर ऋतिका नव्या घरात पहिले पाऊल टाकण्याआधीच लबाड ठरली असती. हर्षदने मान हलवली. मान हलवणे हा त्याचा जन्मजात छंद होता; बाकीचे नंतर लागलेले.

इथपर्यंत प्रकरण आटोक्यात होते. ते आटोक्याबाहेर गेले ते तळमजल्यावरच्या काशीकाकूंमुळे. गुलाबी चादरी त्यांच्याच. आईने त्यांना विश्वासात घेतले, म्हणजे दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या प्रत्येकाला गुपित पाळण्याची शपथ स्वतंत्रपणे घालण्यात आली.

"सप्तपदी हवीच," काकू गॅलरीत ठाण मांडून म्हणाल्या. "सुपाऱ्यांचे भटजी हवेत. नारळाचे नवरा-नवरी हवेत. आमच्या वेळी माझ्या रुखवतात विहीर होती. पाणी होतं तिच्यात, होय तर!"

"खरं पाणी?" हर्षदने विचारले.

"मग काय खोटं? सासऱ्यांचा चष्मा पडला तिच्यात." काकूंनी त्या चष्म्याला क्षणभर आदर दिला. "आणि हां, दाभोळचे ना ते? मग बंदर कर. गलबत कर मोठं. शीड, डोलकाठी, सगळं. काय होतंय त्याला?"

त्याला काय होतंय, हे वाक्य म्हणणाऱ्याला कधीच काही होत नाही. हर्षदने गलबत मान्य केले.

शिंपले वेचायला तो मांडवीच्या किनाऱ्यावर गेला. बंदराचा धक्का शंख-शिंपल्यांचा करावा, असे त्याच्या मनात आले, आणि खरे सांगायचे तर त्या सगळ्या प्रकरणातला तोच शेवटचा आनंदाचा विचार होता. त्याने शंख धुतले, आकाराप्रमाणे लावले, टेबलावर वाळत ठेवून तो कामावर गेला. संध्याकाळी आला, तर निम्मा धक्का जागेवर नव्हता. शंखांत खेकडे होते. दिवसभरात ते आपापली घरे पाठीवर घेऊन जिन्याने खाली उतरले होते, आणि त्यांतला एक काशीकाकूंच्या यजमानांच्या चपलेत मुक्कामाला राहिला होता. यजमान संध्याकाळी देवळात निघाले आणि अंगठा धरून परत आले. उरलेल्या शंखांतले रहिवासी घरातच कैलासवासी झाले होते. पुढचा आठवडाभर इमारतीत जो वास होता, त्याबद्दल जिन्यातल्या फळ्यावर एक सूचना लागली: 'काही सदस्यांच्या कलेमुळे इतर सदस्यांच्या नाकास त्रास होत असल्याचे निदर्शनास आले आहे.' हर्षद येता-जाता ती सूचना डोळे मिटून ओलांडी.

तरी काम चालू राहिले. पण आता त्यात तो क्षण येईना. येई, पण आला तरी सुटका नसे; पुढे लगेच सप्तपदीच्या सतरंजीची किनार, मागून सुपारीच्या भटजींचे उपरणे, मग नारळाच्या नवरीची नथ. पहिला भटजी करताना त्याने सुपारीवर चेहरा रंगवला तेव्हा बोटे हसली होती; त्याच्या पाठचे भटजी करताना त्याला सही ताडल्यासारखे वाटू लागले. गॅलरीतून दिसणाऱ्या आंब्याच्या झाडावर संध्याकाळ उतरे, पाने काळी होत, आणि हर्षद हातातल्या कामाकडे अशा नजरेने पाही, की जणू तेच त्याला सोडून जाणार आहे.

ऋतिका स्टूल घेऊन येई, पण हल्ली लग्नाच्या खरेदीमुळे उशिरा. एकदा तिने गलबत हातात घेतले. करवंट्या तासून, काथ्याने शिवून केलेली त्याची एक बाजू खरोखर देखणी झाली होती: फळ्या, कठडा, बारीक दोरखंड, फुगलेले शीड. सवयीप्रमाणे तिने ते उलटे केले. मागे काहीच नव्हते. नुसत्या बरगड्या.

"इथं वैतागलास?"

"नाही. इथं दमलो."

ऋतिका काही वेळ त्या बरगड्यांतून पलीकडे पाहत राहिली. "मग राहू दे ना. भिंतीला लावून ठेवू."

तिच्या या एका वाक्याने त्याला इतके हलके वाटले, की मग त्याने बाकीच्याही वस्तूंच्या पाठी सोडून दिल्या. शोकेसला भिंत होती, कार्यालयालाही असणारच. आप्पांनी मात्र जाता जाता गलबतापाशी थांबून मत दिले. "एका बाजूचं जहाज तरंगत नाही."

"ते तरंगायचं नाहीये आप्पा. उभं राहायचंय."

"उभं राहणंसुद्धा तरंगण्यापेक्षा सोपं नसतं," आप्पा म्हणाले आणि महिनाभराचे बोलणे संपवल्यासारखे आत गेले.

लग्नाच्या दिवशी सकाळी हर्षद टेंपोतून रुखवत, आणि सोबत शोकेसमधले हत्ती-मोर, घेऊन मंगल कार्यालयात पोचला, तेव्हा व्यवस्थापक हरिश्चंद्र दारातच उभे होते. हरिश्चंद्र नियमांचे माणूस. आणि त्या दिवशी त्यांच्या नियमांना ताज्या तेलरंगाचा वास येत होता.

"भिंतीला काही टेकवायचं नाही. कालच रंग मारलाय."

"पण टेबल भिंतीला लावायचंय. कोपऱ्यात चालेल."

"कोपऱ्यात दोन भिंती असतात," हरिश्चंद्र शांतपणे म्हणाले.

"मग कुठं मांडू?"

"मध्ये मांडा की. चारी बाजूंनी बघता येईल लोकांना. एवढी मेहनत घेतलीय बहिणीनं!"

हर्षदने विनंती केली. हरिश्चंद्रांनी अर्ज करायला सांगितले. अर्ज कुणाच्या नावे करायचा असे विचारता, कार्यकारिणीच्या; आणि कार्यकारिणीची सभा कधी, तर लग्नसराई संपल्यावर. तोवर कार्यालयाच्या माणसांनी टेबले उचलून सभागृहाच्या बरोबर मध्यभागी, झुंबराखाली मांडलीसुद्धा. शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यासारखे ते रुखवत चारी बाजूंनी उघडे पडले.

मग बचावाची शर्थ झाली. आईने मागच्या बाजूला पडद्यासारखी एक पैठणी लावली. नात्यातल्या कुणा बाईने 'अय्या, ही पण बघायला ठेवलीय?' म्हणून ती उचलून समोर घडी करून ठेवली. काशीकाकू टेबलामागे खुर्ची टाकून बसल्या आणि कुणी जवळ आले, की "इकडून नाय गो, इकडून पंख्याचा वारा लागतो" असे सांगून परतवू लागल्या. आप्पांना मोराच्या मागे उभे करण्यात आले. पाठीवर हात बांधून, नजर क्षितिजावर लावून ते असे उभे राहिले, की एका वृद्ध पाहुण्याने त्यांनाच वाकून नमस्कार केला. स्वतः हर्षद गलबताआड होता. नाहीसे होण्याची इच्छा माणसाला किती तीव्रतेने होऊ शकते, याचा तो तिथे अभ्यास करीत होता.

दाभोळची मंडळी आली. नाश्त्याला बसली. मालनताई मात्र बसल्या नाहीत. आपल्या बहिणींना घेऊन त्या सरळ रुखवताकडे आल्या. समोरून त्यांनी सगळे पाहिले. हत्तीला हात लावला. भटजी पाहून हसल्या. गलबतापाशी आल्यावर त्यांचा चेहराच बदलला. खाडीकाठी जन्मलेल्या बाईने त्या शिडाकडे, त्या दोरखंडाकडे क्षणभर असे पाहिले, की हर्षदच्या छातीत काहीतरी अलगद वर आले.

आणि मग मालनताई टेबलाला वळसा घालून मागे गेल्या.

"इकडून नाय गो, पंख्याचा..." काशीकाकू म्हणाल्या. मालनताईंनी एकदा पंख्याकडे पाहिले. तो बंद होता. काकूंनी खुर्ची सोडली.

मागे एकाक्ष हत्ती होता. पाठ नसलेला मोर होता. सप्तपदीची सतरंजी मागून नुसती दोऱ्यांचे जंगल होती. भटजींना समोरून उपरणी होती आणि मागून, सभ्यपणे सांगायचे तर, काहीच नव्हते. मालनताई एकेक वस्तू पाहत गेल्या. त्यांच्या बहिणी मागोमाग. सभागृहात सनई चालू होती म्हणून बरे.

"सूनबाईला बोलवा," मालनताई म्हणाल्या.

ऋतिका मुंडावळ्या सावरीत आली. मालनताईंनी विचारले, "हे तुम्ही केलंत?"

ऋतिकाने आईकडे पाहिले, मग भावाकडे. तिच्या तोंडून 'हो' निघणार होते; हर्षदला ते दिसले. ते 'हो' एकदा निघाले, की ते तिला जन्मभर दाभोळमध्ये वागवावे लागेल, प्रत्येक हळदीकुंकवाला, मंडळाच्या प्रत्येक मखराला. ज्याने आजवर रांगेतसुद्धा कुणाला 'माझा नंबर आहे' असे सांगितले नव्हते, तो हर्षद गलबताच्या बरगड्यांआडून बाहेर आला.

"मी केलंय," तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला आणि नेमकी त्याच वेळी सनईची तबकडी संपली. "सगळं मीच केलंय. शोकेसमधलंही. तिला काही येत नाही."

नाश्त्याच्या बाजूने चमचे थांबले. ज्या श्रेयाची त्याने कधी अपेक्षा केली नव्हती, ते आयुष्यात प्रथमच त्याला मिळत होते, आणि तेही ते घेण्यात केवळ बेअब्रू उरली असताना. आईने पदर तोंडाला लावला.

"तुम्ही?" मालनताईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "पुरुषमाणूस? हे? मग ही काय करते?"

"मी बघते," ऋतिका म्हणाली.

"म्हणजे?"

"तो करतो. मी बघते. रोज."

मालनताईंना हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावरही त्या प्रसन्न झाल्या असे नाही. "तुमच्या आईनं बैठकीत खोटं सांगितलं, ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "ते मी नंतर काढीन. पण तू मला सांग, एवढं छान केलंस, मग पुरं का नाही केलंस मेल्या?"

इथे 'तुम्ही'चे 'तू' झाले आणि 'मेल्या' लागले. हर्षदला त्यातले आपलेपण त्या क्षणी ओळखता आले नाही. तो खरे बोलायच्या भरात होता. "पुरं झालं की मग करायला काही उरत नाही."

त्यांनी त्याच्याकडे तापातल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. मग दाराकडे पाहिले. महिला मंडळाची गाडी आवारात शिरत होती; सगळ्यांना त्यांनीच आग्रहाने बोलावले होते. आता हे अर्धवट रुखवत आईच्या खोटेपणाचे राहिले नव्हते, ते मालनताईंच्या सुनेचे झाले होते.

"सुया आहेत का कुणाकडं?" मालनताई म्हणाल्या आणि पदर खोचला.

पुढे जे झाले ते अतिशय वेगाने झाले. दाभोळच्या बहिणी एका बाजूला बसल्या, काशीकाकू दुसऱ्या बाजूला. आईच्या पिशवीतून लोकर निघाली. कुणी हत्तीला डोळा लावला, कुणी मोराला पाठ शिवली. भटजींची अब्रू झाकली गेली. "अगो, हा टाका कसा घातलाय बघ ह्यानं, उलटाच!" "उलटा कसला, बरोबर हाय. तुलाच येत नाय." हरिश्चंद्र रंगाला कुणी शिवत नाही ना एवढे पाहत येरझाऱ्या घालत होते. हसू, कुजबूज, काचेच्या बांगड्या. आणि त्या सगळ्या सोहळ्यात दुःखी असा एकच माणूस होता. आपले अर्धे राहिलेले सोबती एकेक करून पुरे होताना हर्षद पाहत होता. डोळा लागलेला हत्ती आता कुणाचाही हत्ती दिसत होता.

गलबत मात्र कुणाला जमेना. करवंटी तासायची कशी, काथ्या ओवायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मालनताईंनी ते उचलून सभागृहातल्या एकुलत्या एका खांबाला टेकवले. खांबाला रंग मारलेला नव्हता. महिला मंडळाने समोरून पाहिले, पुष्कळ फोटो काढले, आणि त्यांतल्या एकीने हर्षदचा फोन नंबर मागितला. तिच्या भाचीचे लग्न मार्गशीर्षात होते. हर्षदने मान हलवली. कोणत्या दिशेने, ते त्याला स्वतःलाही सांगता आले नसते.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी आई रडली, काशीकाकू तिच्याहून मोठ्याने रडल्या. रुखवत टेंपोत भरले गेले. ऋतिका गाडीपर्यंत गेली, थांबली, परत आत आली आणि खांबाशी टेकवलेले गलबत उचलून घेऊन आली.

"ते टेंपोत दे ना," हर्षद म्हणाला. "मांडीवर कशाला?"

"टेंपोत दिलं तर तिकडं कुणीतरी पुरं करेल." तिने गलबत उलटे केले, सवयीने, आणि त्या रिकाम्या बरगड्यांवरून बोट फिरवले. "ही बाजू मी कुणाला करू देणार नाही, दादा. तू येत जा आणि करत जा. एका खेपेला एकच फळी हं. जास्त केलीस तर उसवीन."

"तुला उसवता येतं?"

"तेवढं येतं."

गाडी निघाली. खिडकीतून गलबत दिसत होते. शीड नितेशकडे, आणि न झालेली बाजू हर्षदकडे. गाडी आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या एका ट्रकमागे वळणावर दिसेनाशी झाली. मागे मांडव होता, उष्टी होती, हरिश्चंद्र भिंतीवर बोट लावून रंग पाहत होते. रोजच्यासारखीच संध्याकाळ उतरत होती, पण हातातले काम दाखवायला आज घरी कुणी नव्हते.

आप्पा शेजारी येऊन उभे राहिले.

"दुसरी बाजू व्हायला किती वेळ लागेल?" आप्पांनी विचारले.

हर्षदने मनाशी फळ्या मोजून पाहिल्या, आणि एक फळी आणखी घातली. "बरीच वर्षं लागतील."

"हं," आप्पा म्हणाले. "म्हणजे तरंगेल."